बारशाचं नाव

२०११ साली, किर्गिझस्तानातल्या नारिन शहरात, ओळखपत्र कचेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या बुरूलच्या पुढे एक आजी आणि सोळा वर्षांची नात भांडत होत्या. नातीला नाव बदलायचं होतं. आईबाप रशियात कामाला, म्हणून संमती आजीची लागणार होती.

“उलबोलसून हे नाव तुझ्या आजोबांनी ठेवलंय!”

“‘पुढचा मुलगा होऊ दे’ हे काय नाव झालं?”

“पण झाला ना भाऊ?”

“मग त्यालाच दे. मी कुस्ती जिंकले, तर भोंग्यावर काय पुकारलं? ‘विजेती, मुलगा होऊ दे!’ अख्खं मैदान हसलं. त्या दिवशी मी स्त्रीवादी झाले.”

“हे खूळ शहरातून आणलंस?”

“नाही आजी, तुम्हीच दिलंत. बारशाला.”

आजीनं संमतीचा कागद खिडकीत सरकवला. खिडकीतून कारकुनानं विचारलं, “नवं नाव?”

“बेगिमाय,” आजीच म्हणाली. “माझी राणी. लिही, बाळा. आणि पुकारताना मोठ्यानं पुकार.”

बेगिमाय पुढे मुलींना कुस्ती शिकवू लागली. आजीनं मरेपर्यंत जुनं नाव तोंडात आणलं नाही. आणि त्या रांगेतली बुरूल, म्हणजे ‘आता मुलाकडे वळ’, ती साठाव्या वर्षी नाव बदलून जिपारा, म्हणजे ‘सुगंधी’, झाली. तिला कुणाचीच संमती लागली नाही.