ओवळीची एकोणीस झाडे

नाव गंगाराम सदू मालप, वय अंदाजे चोपन्न, धंदा माळीकाम, राहणार झाडगाव, रत्नागिरी. समक्ष विचारल्यावरून ता. ९ मार्च १९३४ रोजी सकाळी अकरा वाजता सांगतो की,

येथील नगरशोभा मंडळीकडे मी बारा वर्षे माळी आहे. क्लबाच्या रस्त्याला दुतर्फा ओवळीची, म्हणजे बकुळीची, एकोणीस झाडे आहेत, ती मी लावली. त्या वेळच्या मंडळींना गुलमोहर हवा होता. मी नको म्हटले. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, आषाढातल्या वाऱ्यात तो रस्त्यावर आडवा होतो. ओवळ सावकाश वाढते, पण कातळात पाय रोवते, सावली देते, फुलाला वास आहे. खड्डे पहारीने कातळ फोडून मी स्वतः काढले.

छाटणी दरसाल थंडीत माझ्याच हाताने होते. फांदी आधी खालून थोडी करवतायची, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही. खोडाशी फांदीची जी सुरकुती असते ती राखून कापायचे. वर शेण व तांबडी माती लिंपायची. फाल्गुनाच्या उन्हात ओवळीला हत्यार लावायचे नाही.

शिमग्यातली देवाची पालखी घरी येणार म्हणून ता. ५ रोजी सोमवारी मी राजापूर तालुक्यात माझ्या गावी गेलो. बुधवारी ता. ७ रोजी सकाळी आठच्या सुमारास परत आलो, तो केरू व शिवा नावाचे दोन इसम कोयती घेऊन झाडांवर चढलेले दिसले. पंधरा झाडे झाली होती. खाली कवळाचे भारे बांधून ठेवले होते. कवळ म्हणजे भाताच्या रोपांची, तरव्याची जमीन भाजायला लागतो तो पाला. रानातले ऐनाचे झाड ओरबाडतात तशी माझी झाडे ओरबाडली होती. नुसता सोट आणि वर शेंडी.

मी ओरडलो, "केरू, उतर खाली! ह्यो काय तुज्या रानातला ऐन हाय?" तो म्हणाला, "सायबानच सांगलान, कवळ न्या नि झाडं साफ करा. आमाला कवळ तोडतात तसंच तोडता येतं. दुसरं कसं येनार?" तो खरे बोलला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ऐन असा तोडला तरी पुन्हा फुटतो, म्हणून त्याला वाटले हीही फुटेल. कोयती त्याची होती, अक्कल सेक्रेटरींची. दोघे खाली उतरले व उरलेली चार झाडे वाचली.

मी लगेच मंडळीचे सेक्रेटरी रा. रा. बळवंतराव फणसळकर यांच्या घरी गेलो. शनिवारी बडे पाहुणे यायचे आहेत, फांद्यांआड स्वागताच्या कमानी दिसल्या नसत्या, असे ते म्हणाले. आणि म्हणाले, "पानं काय, पुन्हा येतात." मी म्हटले, "रावसाहेब, ही दाढी न्हवं." त्यांनी मला पायरीवरून खाली जाण्यास सांगितले. मी गेलो. शिवी दिली नाही. तोंडात आली होती, हे कबूल करतो.

दुपारी रस्त्यावर लोक जमले. चिमा नावाची बाई, जी देवीसाठी त्या झाडांखालची फुले वेचून गजरे करते, ती रडत होती. लोक विचारू लागले तेव्हा सेक्रेटरींनी सांगितले की, माळी शिमग्यात दारू पिऊन आला व त्यानेच झाडे तोडली. गुरुवारी तशी फिर्याद दिली. मी दारूला शिवत नाही. प्यायलो असतो तरी असे कापले नसते. चोर तर चोर, वर शिरजोर! हे असेच लिहावे, अशी माझी विनंती आहे.

पंचांनी झाडे पाहावीत. नवे खुंट हातभर लांब आहेत, घाव कोयतीचा आहे, साल खाली फाटत गेली आहे. त्याच खोडांवर माझे मागल्या सालांचे काप आहेत, ते रुपयाएवढे गोल मिटले आहेत. हे दोन्ही काप एकाच माणसाच्या हातचे आहेत असे ज्याला वाटेल त्याने मला खुशाल आत घालावे.

आज सकाळी हवालदारांसमक्ष सेक्रेटरी म्हणाले की, माफीच्या कागदावर अंगठा दे, फिर्याद मागे घेतो, फिर्यादीवरून जप्त झालेली तुझी करवतही सोडवून देतो. तोवर त्या रस्त्याला पाय लावायचा नाही. मी नाही म्हणालो.

त्यानंतर दोन तास मी येथे ठाण्याच्या ओट्यावर बसून आहे. बाहेर ऊन चढत आहे. फाटलेली साल वाळून सुटू लागली की झाड गेले. खुंट सफाईने कापून, शेणमाती लिंपून, खोडांना गोणपाट बांधले, तर पंधरातील दहाअकरा जगतील. हे काम उद्या संध्याकाळपर्यंत व्हायला हवे. दुसऱ्या कोणाला ते येत नाही. येत असते तर मी हा कागद करून सरळ तुरुंगात गेलो असतो.

म्हणून मी आधी येथे खरे लिहवून ठेवत आहे. झाडे मी तोडली नाहीत. ती फणसळकरांच्या हुकमाने तुटली. आता माफीचा कागद आणावा. त्यावरही मी अंगठा देईन, आणि तो कागद खोटा असेल हे फौजदार साहेबांनी ध्यानात ठेवावे.

वर लिहिलेला मजकूर मला मोठ्याने वाचून दाखविला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. दुसरा कागद लवकर आणावा, अंगठ्याची शाई ओली आहे.

गंगाराम सदू मालप, निशाणी डाव्या हाताचा अंगठा