ठोका

दातांच्या दवाखान्यात देवाचं नाव घेत, गाल धरून बसलेल्या आजींच्या कानावर शेजारच्या मामी-भाच्याचं बोलणं पडलं, आणि नामस्मरण जागच्या जागी थांबलं.

“शेकडो कॉम्प्युटर मिळून एकच काम करतात, मामी. त्यातला एखादा गप्प झाला, तर तो मेला की नुसता रेंगाळलाय, हे बाकीच्यांना कळायला हवं. त्यावरच माझं संशोधन.”

“आणि कळतं कसं?”

“प्रत्येकानं मधूनमधून ‘मी आहे’ असा निरोप पाठवायचा. त्याला आम्ही ठोका म्हणतो. ठोका येतोय तोवर धीर धरायचा.”

“बरं. आणि लग्नाचं विचारलंस त्या मुलीचं काय?”

“आठवडा झाला. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. संपलं सगळं!”

“अगदीच गप्प?”

“रोज दुपारी ‘जेवलास का?’ एवढं विचारते.”

“अरे शहाण्या, मग हा ठोका नाही तर काय?”

“अगं... खरंच की!”

“तू काय कळवतोस?”

“काहीच नाही. तिच्या उत्तराची वाट बघतोय ना.”

“म्हणजे तिच्या लेखी तूच मेलास!”

“आता काय लिहू?”

“जेवलो म्हणून लिही, मेल्या! आणि तिलाही विचार.”

“आजी, तुमचा नंबर आला,” आतून हाक आली.

“थांबा हो जरा,” आजी गाल सावरत म्हणाल्या, “पोरीचं उत्तर येऊ दे.”