पळणाऱ्या मुलीचा पासपोर्ट

सकाळचे अकरा वाजले होते, जागा नाशिक जिल्ह्यातलं एक पोलीस ठाणं. पेठ तालुक्यातली लांब पल्ल्याची धावपटू सुमन पहिल्यांदाच परदेशी शर्यतीला निघाली होती आणि तिचा पासपोर्ट अडला होता. मी बातमीदार, तिच्याबरोबर गेलो आणि भांडून पोलीस चौकशीचा कागद बघितला. शेरा होता: ‘मुलगी वारंवार पळते. आता परदेशात पळण्याच्या तयारीत.’

"हे कोणी सांगितलं?"

हवालदार म्हणाले, "आईचाच जबाब आहे, साहेब. पोरगी काय करते विचारलं, तर म्हणाली, लय पळते."

"अहो, शर्यतीत!"

त्यांनी सुमनकडे वळून विचारलं, "कोणाबरोबर?"

"चाळीस जणींबरोबर," ती म्हणाली. "पण मी पुढं असते."

पासपोर्ट आला, शर्यत संपल्यावर. त्या शेऱ्याखालची सही वाचता येत नव्हती; ती कोणाची होती, ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.