पतंगाचा पत्ता

तो पतंग नेरूळच्या माझ्या बाल्कनीत दिव्यावर आला आणि मीच तो बाटलीत धरला, हे प्रथम सांगते. नव्वदच्या दशकातील गोष्ट. पतंग तांदळाच्या कणीएवढा होता. माझी माजी विद्यार्थिनी नसरीन पतंगांवर संशोधन करीत असे; तिला मी तो दिला. अनेक महिने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ती तो घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, ही जात विज्ञानाला नवीन आहे! वर्णनात सापडल्याचे ठिकाण लिहायचे आहे. तुमचा सेक्टर कोणता?"

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष काशिनाथ पाटील तेथेच चहा घेत होते. त्यांच्याच सारसोळे गावच्या, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीवर आमची इमारत उभी होती. ते उसळले, "सेक्टर कसला? ही जमीन सारसोल्याची हाय!"

"काका, नकाशात नेरूळ आहे."

"नकाशातून गाव गेलाच. आता किड्याच्या कागदातून पन घालवतेस?"

मी नसरीनला विचारले, "हे ठिकाण पुढे बदलता येते का?"

"मनाला येईल तसे नाही, बाई. शंभर वर्षांनीही शोधणारा याच पत्त्यावर येईल."

"मग त्याला सेक्टर विचारत फिरवू नकोस. गावाचे नाव लिही."

'सारसोळे, नेरूळ' असे लिहायचे ठरले. नसरीनने मान्य केले. पाटलांनी भिंगातून पतंग बराच वेळ न्याहाळला आणि ते म्हणाले, "एवढासा हाय, पन गाव घेऊन चाललाय. मान्य!"