वाळल्यावर कुणाला कळतंय?

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय दत्तोपंत वकीलसाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली सत्कारमूर्ती पद्मजा, खेळण्यांच्या कारखान्यातल्या माझ्या मैत्रिणी आणि सभागृहातले बंधुभगिनी हो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. उभ्या आयुष्याच्या मैत्रीला पाच मिनिटं! साहेब, कोर्टात तर तुम्ही नुसती तारीख मागायलाही एवढा वेळ घेता.

पद्मजा आणि मी कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर. वर्गात मराठी बोलायची बंदी. मग ही माझ्या तळहातावर बोटानं मराठी अक्षरं काढायची. ‘भूक’ हा शब्द मी त्या तळहातावर जितका वाचला, तितका कुठल्याच पुस्तकात वाचला नाही. हसतेस काय, पद्मजा? डबा माझाच संपायचा.

पंचाहत्तरचं महिला वर्ष संपता संपता आम्ही दोघींनी शिरोलीला बायकांचा लाकडी खेळण्यांचा कारखाना काढला. तेव्हा खेळण्यांना थिनरचं लॅकर, म्हणजे नितळ रोगण, मारत होतो. त्या वासानं बायकांची डोकी भणभणायची. ‘मुंबईला पाण्याचं पॉलिश निघालंय, ते आणू या,’ हे पद्मजानंच सुचवलं. त्याचं श्रेय तिचं, आणि ते मी भर सभेत देते.

पॉलिशचा डबा उघडला तर आत पांढरं, दुधासारखं! आमची अंजना, फवारणीची गन चालवण्यात सगळ्यांत तयार, ती म्हणाली, “माई, ह्येला इरजान लावायचं का काय?” पद्मजानं डब्यावरचं इंग्रजी वाचून सांगितलं, “दोन कोट द्यायचे.” अंजना म्हणते, “दोन? आमच्या मालकांकडं एकच हाय बाई, लग्नातला!”

पहिला हात फवारला आणि गुळगुळीत घासलेला हत्ती खरखरीत झाला. “माई, हत्तीच्या अंगावर काटा आला की!” लाकूड पाणी पितं आणि त्याचे तंतू उभे राहतात, हे आम्हाला कुठं ठाऊक? मग शिकलो. पॉलिश आधी मलमलीतून गाळायचं. गन वीतभर लांब धरायची, हात फिरता ठेवायचा. थांबला की ओघळ आलाच. पहिला हात पुरता वाळू द्यायचा, बारीक पॉलिशपेपरनं हलकेच घासायचं, पुसायचं, मग दुसरा. वाळलं की सगळा दुधाळपणा जायचा आणि लाकडाच्या रेषा स्वच्छ दिसायच्या. डोकं उठवणारा वास नाही की डोळ्यांची आग नाही.

तीच खेळणी घेऊन या उन्हाळ्यात मी गारगोटीला बालवाडीतल्या मुलांच्या आयांपुढे उभी राहिले. चिमणाबाई म्हणून एकीनं कडेवरचं पोर पुढं करून विचारलं, “ह्यो समदं तोंडातच घालतोय. चालंल न्हवं?” मी म्हटलं, “घालू दे. पाण्याचं आहे. माझा शब्द आहे.”

यंदा श्रावणात हवा इतकी ओली, की पॉलिश वाळता वाळेना. गारगोटीची ऑर्डर अडलेली आणि मी लेकीच्या बाळंतपणासाठी बेळगावला. परवा परतले ती थेट कारखान्यात. दारातच थिनरचा वास. गनच्या भांड्यात डोकावले, तर आतलं पाण्यासारखं नितळ. दुधाचा टिपूस नाही.

“अंजना, आपलं पॉलिश संपलं?”

“न्हाय माई, डबं हायत की. पद्माबाई म्हणाल्या, लॅकर मारा, लवकर वाळतंय. माईंना इचारलंय म्हणाल्या. गारगोटीचा माल गेला की कवाच.”

मला विचारलं होतं? केव्हा? बेळगावला घरी फोन होता, नंबर हिच्यापाशी होता. एकदा तरी वाजला का?

मी हिच्या घरी गेले. ही सामान बांधत होती. म्हणाली, “अगं कालिंदी, वाळल्यावर कुणाला कळतंय? दोन्ही सारखंच चमकतं. जाण्याआधी ऑर्डर पुरी करून दिली, ते बघ ना.”

वकीलसाहेब, घड्याळ दिसतंय मला, उरकते. त्या खेळण्यांनी कुणाला काही होईलच असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नव्हे. पण शब्द माझा होता आणि तो माझ्या नावानं, माझ्या पाठीमागे मोडला. परक्यानं मोडला असता तर मी भांडले असते. हिनं मोडला, तर मला भांडताही येईना. घरी येऊन नुसती बसून राहिले.

पद्मजा, शाल तुला फार शोभतेय. पुण्यात लेकाकडे सुखात राहा, गुडघ्यांना जप. हे मी मनापासून म्हणते. इतक्या वर्षांची माया चार दिवसांत आटत नाही. पण उद्या सकाळी कारखान्याचा टेम्पो गारगोटीला निघतोय, ती खेळणी परत आणायला. ड्रायव्हरशेजारी दोघी मावतात. तुझी पुण्याची गाडी रात्रीची आहे.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेतलंत म्हणून आपणा सर्वांचे आभार. निरोपाच्या सभेत बोलू नये ते बोलले असेन, तर माझी ती चूक सभेनं पोटात घालावी. हिची मात्र घाला असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती माफी चिमणाबाईपुढे उभं राहून हिची हिनंच मागायची आहे.