टक्क्याचा रकाना

...आन वर त्यो कारखान्याचा सायेब मलाच कन्नडातनं इच्यारतोय, "परसेंटेज यष्टु?" किती म्हनं टक्के! आरं न्हाईतच टक्के, सांगू कुठलं? तुमाला सांगतो, आमच्या रूपालीच्या कालेजात नवी तऱ्हा, मार्क देतच न्हाईत, पोरास्नी मशीनम्होरं हुबं करत्यात, काम जमलं की कागदावर 'येतंय', न्हाय जमलं की 'अजून न्हाय'. बावन्न कामं, बावन्न 'येतंय'! मास्तर म्हनला, "भूपालअण्णा, नोकरीवाले दारात येतील बघा." कुठं आलं? आमीच गेलतो की, बोरगावास्नं पार पिरनवाडीच्या फुडं, कारखान्यात, उभ्यानं बस बदलत!

थितला सायेब नागेंद्र. शर्टाला इस्त्री, तोंडालाबी इस्त्री. "टक्क्याचा रकाना भरल्याबिगर कंप्यूटर फुडं जाईना वो." म्हनलं, येतंय की तिला! तर म्हनतोय, "यष्टु येतंय?" ...आता काय कपाळ सांगू?

माझं टाळकंच सटकलं. म्हनलं, सायेब, बाजारात म्हशीला कोन टक्के इच्यारतंय? धार काढून बघत्यात! घ्या की बघून पोरगीला!

हासला भाड्या. कोपऱ्यात एक मशीन, चार दिस बंद, मिस्त्री हात टेकून गेल्याला. दिलं दावून. रूपाली वाकली ती तीन तास, ना पानी, ना च्या, कोपरापतोर ग्रीस... आन झालं की वो सुरू! गडी टाळ्या वाजवाय लागलं. मी छाती फुगवून... येतंय की तिला!

नागेंद्र म्हनला, "लई हुशार हाय वो. टक्के मिळालं की या." आन घेतलं कुनाला? नोकरीसाठीच येऊन बाकावर बसल्याल्या सन्मती नावाच्या पोराला! बासष्ट टक्के! आन ते बेनं, मशीनचं बटन कुठं हाय, ते इच्यारतंय कुनाला? रूपालीला! हिनं दावलंबी! येतंय की तिला!

येताना बसमदी मी बोंबलतोय, आरं, म्हस न्हाय पटली तर न्हाय, काढल्यालं दूध तर मालकाचंच ऱ्हातंय का न्हाय? ह्येनी धार काढली, दूध ठिवलं, आन म्हस दिली हाकलून!

रूपाली नखातलं ग्रीस काढत हुती. मानबी वर केली न्हाय. म्हनली, "आप्पा, दावं धरून तुमीच हुबं हुता."

...आख्खी बस हासली. कागदावर बावन्न, बापाला टोला हानायचं ह्ये त्रेपन्नावं. येतंय की तिला!