मृण्मयीची राहिलेली सावड

आदरणीय अध्यक्ष दिग्विजयसर, कुलगुरू हेमलताबाई, प्राध्यापक, विद्यार्थी आणि मागच्या रांगेत बसलेली रिहे गावची मंडळी, सर्वांना नमस्कार.

मी एकनाथ. आज ज्यांच्या निवृत्तीचा निरोप ठरला होता, त्या तुमच्या संचालिका मृण्मयी यांचा नवरा. दोन महिन्यांपूर्वी त्या गेल्या. तरी तुम्ही समारंभ रद्द केला नाहीत, त्यांची शाल माझ्या खांद्यावर घातलीत. मला भाषणाची सवय नाही. घरी बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं.

या विद्यापीठाच्या संस्थापकांनी एकच तत्त्व सांगितलं, सावड. आज आम्ही तुमच्या शेतात राबू, उद्या तुम्ही आमच्या. व्यवस्थापनाच्या वर्गात हे कसं शिकवायचं? मृण्मयीने मुलांना आषाढात रिह्याला भातलावणीला नेलं. तिथल्या शेतकरीण गौतमीताई बांधावरून म्हणाल्या, "बाई, तुमची पोरं रोपं लावत्यात का पुरत्यात?"

लावणी उरकल्यावर चौघीजणींना घेऊन त्या इथे हजर. "आता आमी. काय काम हाय?"

प्राध्यापक म्हणाले, छे छे, काही नको.

"मग ही सावड न्हाई, उपकार झाला. पुन्हा येऊ नका."

मृण्मयीने त्यांना वर्गात बसवलं. "मुलांनी धंद्याचे बेत आखलेत. तुमच्या गावात कोणता चालेल, ते तोंडावर सांगा. हेच काम." तेव्हापासून दरवर्षीचा नेम झाला.

संध्याकाळी ती ग्रंथालयाच्या खिडकीत उभी राहायची. खाली खाचरांत पाणी, पाण्यात आभाळ. म्हणायची, "तीस वर्षांनी तिथलीच एक मुलगी ही चढण चढून येईल, माझ्या खुर्चीत बसेल."

"आपण असू का?"

"नसू. म्हणून तर आत्ताच बघून घेतेय."

नव्या दीर्घकालीन आराखड्यात सावडीच्या जागी अर्ध्या दिवसाची ग्रामभेट आहे, असं ऐकतो. मी बाहेरचा माणूस, मला अधिकार नाही. पण दहाव्यानंतर गौतमीताई घरी आल्या होत्या. "दादा, आमी यंदा लावणीच्या आदीच वर्गात येऊन गेलो. बाईंची सावड राहिलीया. माणूस गेलं म्हणून ती मोडत न्हाई. घरातलं कुणीतरी यावं लागतं."

म्हटलं, "मला रोप लावता येत नाही."

"बाईंना तरी कुटं येत हुतं?"

तेव्हा आषाढात मी जाणार आहे. आमच्या घरात आता मी एकटाच. पण ती या संस्थेलाही घरच म्हणायची. अध्यक्षमहोदय, या घरातून कोण येणार?

तिची आठवण ठेवलीत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सांभाळून घ्या. उत्तराची आज घाई नाही. लावणीच्या दिवशी बांधावर द्या.